बऱ्हाणपूरचं पाणी आणि गच्चीवरचा बंब

भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की रावेरपर्यंत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सोबत करतात. रावेर मागे पडतं, महाराष्ट्र संपतो, पण केळी संपत नाहीत. पुढच्या स्टेशनांच्या पाट्यांवर मराठीच्या जागी हिंदी येते एवढंच. मग येतं ते बऱ्हाणपूर. पाटीवर ‘बुरहानपुर’ लिहिलेलं असतं, पण खानदेशातली जुनी माणसं अजूनही ‘बऱ्हाणपूर’च म्हणतात. राज्य पुनर्रचनेत सीमा कुठूनही आखलेली असो, सोयरिकी या रेषेच्या अल्याडपल्याड होतच राहिल्या. माझी आत्या अशाच सोयरिकीतून इथे आली आणि पन्नासेक वर्षांत तिच्या मराठीत निमाडी इतकी मिसळली, की तिच्या नातवंडांना दोन्हींतली शिवण दिसतच नाही.

आपल्या अंकाच्या तरुण वाचकांपैकी बरेच जण या गावावरून रेल्वेने कितीदा तरी गेले असतील आणि उतरले नसतील. म्हणून आधी गावाची ओळख. फारुकी घराण्याच्या नासिरखानाने चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या सांध्यावर तापीकाठी हे शहर वसवलं आणि खुलताबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं. १६०१ साली शेजारचा असीरगड अकबराच्या हाती पडला आणि बऱ्हाणपूर मुघलांचं दक्षिणेचं दार झालं. मराठ्यांच्या इतिहासातही ते आहे. १६८१ च्या सुरुवातीला, राज्याभिषेकानंतर लगेच, संभाजीराजांच्या फौजांनी इथल्या बहादूरपुऱ्यावर छापा घातला होता. मिर्झाराजे जयसिंग १६६७ साली इथेच वारले. त्यांची छत्री गावाबाहेर आहे. आणि जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, तो मुद्दाम पाहावा असा.

पण मी या वेळी गेले होते डिसेंबरात, आणि सगळ्यांत जास्त विचार केला तो गरम पाण्याचा.

शाही हमाम

तापीच्या काठावरच्या शाही किल्ल्याचे बरेच भाग पडले आहेत. टिकून आहे तो हमाम. आत शिरलं की थंडगार अंधार, मधोमध हौद, आणि मान वर केली की छतावर फिकट होत चाललेली वेलबुट्टी. मुमताज महल १७ जून १६३१ रोजी याच शहरात चौदाव्या बाळंतपणात गेली. तिला आधी तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात दफन केलं आणि काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. ताजमहाल बघणाऱ्यांतल्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

हमामाची रचना साधी असते. एका भिंतीआड भट्टी, भट्टीवर पाण्याचं टाकं, तिथून खापराच्या नळांनी गरम पाणी आणि दुसरीकडून थंड पाणी. भट्टीत लाकूड जळायचं, धूर बाहेर जायचा, आणि हे सगळं सांभाळायला माणसं असायची: लाकडं आणणारी, राख काढणारी, नळ मोकळे ठेवणारी. बादशाही गेली तशी ती माणसं गेली. भट्टी विझली, हौद कोरडा पडला. भिंती मात्र अजून उभ्या आहेत.

आपल्या घरांतला हमाम म्हणजे तांब्याचा बंब. मधून धुराची नळी, खाली जाळी, वर झाकण, बाजूला तोटी. तुमच्या आजीच्या घरी तो आता चिंचेने घासून हॉलमध्ये शोभेला ठेवला असेल. आत्याकडे तो मागच्या पडवीत आहे आणि २०१२ पर्यंत रोज पेटत होता. तूर-कपाशीच्या काड्या, केळीची सुकी पानं, जे मिळेल ते त्यात जायचं. आंघोळीच्या पाण्यालाही धुराचा वास येतो असं माझे काका म्हणायचे. आत्याचा खोकला तेव्हापासूनचा.

गच्चीवरचा नवा बंब

२०१२ साली आत्याच्या मुलाने गच्चीवर सौर बंब बसवला. दोनशे लिटरची टाकी, काचेच्या निर्वात नळ्यांची रांग, तीन चौरस मीटरचं क्षेत्रफळ. तेव्हा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सौर अभियानातून अशा यंत्राला साधारण तीस टक्के अनुदान मिळायचं. निर्वात नळ्यांच्या यंत्राला चौरस मीटरमागे तीन हजार रुपये, म्हणजे आत्याच्या यंत्राला नऊ हजार. २०१० साली सुरू झालेल्या या अभियानाने २०२२ पर्यंत देशात दोन कोटी चौरस मीटर सौर-उष्णता यंत्रं बसवण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. २०१४ साली घरगुती सौर बंबांचं हे अनुदान थांबलं.

शंभर लिटरच्या एका सौर बंबाने वर्षाला सुमारे दीड हजार युनिट वीज वाचते, असा मंत्रालयाचा हिशेब आहे. बंब पेटवायची दगदग गेली, धूर गेला, खोकला कमी झाला. पहिली पाच वर्षं हमी होती आणि त्या काळात विक्रेत्याचा माणूस दोनदा येऊन गेला. हमी संपली तसा तो माणूसही संपला. दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

या डिसेंबरात पाणी जेमतेम कोमट येत होतं. दादा बंगळुरूहून फोनवर म्हणाला, “भंगारात दे ते, आई. मी गीझर पाठवतो.” आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे दुखतात, गच्चीवर चढवत नाही. तिने पडवीतल्या तांब्याच्या बंबाकडे बोट दाखवलं. “गीझरचं बिल कोण भरेल? हा आहे की.” म्हणजे वादाचा मुद्दा एवढाच उरला होता, की तिने पुन्हा धुरात बसायचं की नाही.

आणि मग ती जे बोलली, ते माझ्या डोक्यातून जाईना. “अगं पोरी, सरकारनं बसवायला पैसे दिले. पण बसवलेलं धुवायला कोण येणार, हे नाही लिहिलं कुठं.”

नियम काय सांगतात

लिहिलेलं अगदीच नाही असं नाही. मी परत आल्यावर जे वाचलं, त्यातलं थोडं सांगते, कारण हे नुसतं आत्याच्या गच्चीपुरतं नाही.

बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत, तसंच इकडे जळगाव-बुलढाण्यातही, गोबरगॅस तुम्ही पाहिला असेल. १९८१-८२ पासून केंद्राने त्याला अनुदान दिलं. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. या योजनेत एक शहाणपणाची तरतूद होती. संयंत्र बांधणाऱ्या प्रशिक्षित कारागिराला बांधकामाचं वेगळं शुल्क मिळायचं आणि त्याच्या बदल्यात पाच वर्षं त्याने देखभाल फुकट करायची. म्हणजे देखभालीचे पैसे सरकारने आधीच मोजलेले. सहाव्या वर्षी मात्र शेतकरी आणि संयंत्र एकमेकांकडे बघत बसतात. ज्या घरात गुरं विकली गेली किंवा पोरं शहरात गेली, तिथे खड्डा बुजवून वर तुळशीवृंदावनही बांधलेलं मी पाहिलं आहे.

इथे प्रदूषणाचाही प्रश्न आहे. गोबरगॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन असतो. तो शेगडीत जळला तर उत्तम. पण घुमटाला तडा गेला आणि वायू तसाच हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता धरतो. म्हणजे पर्यावरणासाठी बांधलेलं यंत्र देखभालीविना उलटं काम करायला लागतं.

चुलीचीही गोष्ट तशीच. १९८३ च्या सुमारास सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, २००२ साली केंद्राने तो आवरता घेतला, आणि तोवर देशात तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या होत्या. मातीची चूल दोन पावसाळ्यांत भेगाळते, धुराडं काजळीने बुजतं, आणि मग घरातली बाई धुराडं काढून टाकते. लक्ष्य होतं चुली बसवण्याचं. किती चुली तिसऱ्या वर्षी पेटत होत्या, हे मोजायला कुणाला सवड होती? पुढे २०१३ साली भारतीय मानक ब्यूरोने लाकूडफाट्याच्या चुलींचं मानक सुधारलं. साध्या चुलीची कार्यक्षमता किमान पंचवीस टक्के, पंखा असलेल्या चुलीची पस्तीस टक्के. भांड्यात पोचलेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे कार्बन मोनॉक्साइड पाच ग्रॅमच्या आत, आणि धुरातले कण साध्या चुलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आत, पंख्याच्या चुलीत दीडशेच्या आत. हे सगळं उत्तम आहे. पण ही परीक्षा प्रयोगशाळेत नव्या चुलीची होते. स्वयंपाकघरातल्या तीन वर्षांच्या चुलीची कधीच होत नाही.

आता याच गावातलं दुसरं टोक बघा. बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचं गाव. शनवाऱ्याकडून आत गल्ल्यांत शिरलं की खटखट ऐकू येते. सुताला खळ लावायच्या कारखान्यांत वाफ लागते आणि वाफेसाठी बॉयलर. बॉयलरला १९२३ च्या कायद्यापासून दाखला लागतो. तो एरवी फार तर वर्षभर चालतो, मग निरीक्षक पुन्हा येतो. दाखल्याविना बॉयलर पेटवता येत नाही. बॉयलर फुटला तर माणसं मरतात, म्हणून शंभर वर्षांपूर्वीच सरकारला देखभाल कायद्यात घालावीशी वाटली. चुलीने माणसं मरतात ती हळूहळू, खोकत. त्यांच्यासाठी निरीक्षक नेमलेला नाही.

तुमच्यापैकी काही जण इंग्लंड-आयर्लंडला असाल. तिथे लाकडाच्या गोळ्यांवर चालणारे बॉयलर बसवणाऱ्यांना सरकार दर युनिट उष्णतेमागे पैसे देत असे. ब्रिटनमध्ये त्यासाठी धुराचा दाखला सक्तीचा होता. दर गिगाज्यूलमागे कण तीस ग्रॅमच्या आत, नायट्रोजनची ऑक्साइड्स दीडशे ग्रॅमच्या आत. उत्तर आयर्लंडमध्ये २०१२ साली अशीच योजना आली, पण त्यात मिळणारे पैसे इंधनाच्या खर्चापेक्षा जास्त ठेवले गेले आणि वर मर्यादा घातली गेली नाही. जितकं जाळाल तितकी कमाई. त्यातून एवढा गदारोळ झाला, की जानेवारी २०१७ मध्ये तिथलं सरकारच कोसळलं. आपल्याकडे अनुदान एकदाच मिळतं आणि नंतर कुणी फिरकत नाही, तिकडे रोज मिळत होतं आणि लोक रिकामी शेडही तापवत बसले. दोन्हीकडे चुकलं ते एकच. पैसे कशासाठी द्यायचे, हे नीट ठरलं नव्हतं. यंत्रासाठी, जाळण्यासाठी, की ते वर्षानुवर्षं नीट चालावं यासाठी?

जमिनीखाली

लालबागकडे, रेल्वे स्टेशनच्या बाजूला, कुंडी भंडारा आहे. लोक त्याला ‘खूनी भंडारा’ही म्हणतात. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ साली, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने तो बांधला. सातपुड्याच्या उतारावर मुरणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचं आणि केवळ उताराने शहरापर्यंत आणायचं. मोट नाही, रहाट नाही, इंजीन नाही. बोगद्यावर ओळीने शंभराहून जास्त कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडं. मार्च २०२४ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आला.

लिफ्ट चालू असेल तर सुमारे ऐंशी फूट खाली जाता येतं. खाली पाण्याचा झुळझुळ आवाज आणि भिंतींवर पांढरे, लोंबते थर. ते चुन्याचे आहेत. इथलं पाणी जड. चारशे वर्षं ते वाहतं आहे आणि चारशे वर्षं थोडा थोडा चुना मागे ठेवतं आहे. काही ठिकाणी त्याने वाट अरुंद केली आहे.

मी त्या थरावर हात फिरवला आणि आत्याच्या गच्चीवर काय झालं असेल ते लख्ख समजलं. पिण्याच्या पाण्याच्या मानकात जडपणा लिटरला दोनशे मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर सहाशेपर्यंत चालतो. पाणी तापलं की त्यातला चुना बाहेर पडतो आणि नळ्यांच्या तळाशी बसतो. म्हणून जड पाण्याच्या गावांत उष्णता-विनिमयक असलेलं यंत्र घ्यावं, नाहीतर नळ्या ठरावीक काळाने साफ कराव्यात. बोगद्यात ज्याला चारशे वर्षं लागली, ते तापत्या काचेत दहा वर्षांत होतं.

पण कुंडी भंडाऱ्यात आणखी एक गोष्ट होती. त्या शंभर कुंड्या नुसत्या पाणी काढायला नाहीत. खोदताना माती वर काढायला, बोगद्यात हवा खेळायला आणि पुढे साफसफाईला माणूस उतरवायला त्या ठेवल्या होत्या. इराणातल्या कनातींमध्येही अशीच रीत आहे. बांधणाऱ्याला माहीत होतं की चुना बसणार, माती पडणार. म्हणून त्याने दुरुस्तीची वाट नकाशातच काढून ठेवली. आपण अनुदानात यंत्राची किंमत धरतो, कुंडीची धरत नाही.

मग काय केलं

शेजारच्या एका नळकाम करणाऱ्या भाऊंना विचारलं. ते सकाळी सहाला आले, ऊन चढायच्या आत, कारण तापलेल्या रिकाम्या नळीत थंड पाणी गेलं तर काच तडकते. टाकी रिकामी केली, एकेक नळी ओढून काढली. प्रत्येकीच्या तळाशी वीतभर पांढरा गाळ होता, आणि दोन नळ्यांचं चंदेरी अस्तर दुधाळ झालं होतं. म्हणजे निर्वातपणा गेलेला. त्या बदलल्या, रबरी कडी नवी घातली, बाकीच्या नळ्या सौम्य आम्लाने धुतल्या. टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा, जो स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो, तो पेन्सिलीएवढा उरला होता. तोही बदलला. हवेची नळी मोकळी केली. सगळा खर्च चार हजारांच्या आत. दोन दिवसांनी, तेरा वर्षांच्या त्या यंत्रातून, हात लावता येणार नाही इतकं पाणी आलं. दादाने गीझरची ऑर्डर रद्द केली. आत्याने तांब्याचा बंब मात्र पडवीतच ठेवला आहे. तो तिच्या सासूचा.

आज घराघरात चर्चा आहे ती छतावरच्या विजेची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ हजार आणि तीन किंवा जास्तला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान आहे, आणि बसवणाऱ्याने पाच वर्षं देखभाल करायची अट आहे. अर्ज बहुतेक ठिकाणी घरातली तरुण मंडळीच मोबाइलवर भरतात. भरताना एवढं करा. हमीचा कागद आणि यंत्राचा क्रमांक फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवा. देखभालीच्या भेटींच्या तारखा लिहून ठेवा आणि पाच वर्षं संपायच्या तीन महिने आधी तो माणूस एकदा बोलावून सगळं तपासून घ्या. गावचं पाणी जड आहे का, हे सौर बंब घेण्याआधी विचारा. गच्चीवर चढायला धड जिना करा. आणि मुख्य म्हणजे, आई-वडील सत्तरीत असतील तर सहाव्या वर्षी वर कोण चढणार, त्याचं नाव आजच ठरवा.

जुलै २०२२ मध्ये घरोघरी नळ पोचवणारा देशातला पहिला प्रमाणित जिल्हा म्हणून बऱ्हाणपूरचं नाव झालं. कौतुकाचीच गोष्ट आहे. ते नळ वीस वर्षांनी कसे असतील, हे गावोगावच्या पाणी समित्यांवर आहे.

तर एकदा उतरा बऱ्हाणपूरला. डिसेंबर-जानेवारी बरा. सकाळी असीरगड, दुपारी शाही किल्ला, उतरत्या उन्हात कुंडी भंडारा. मावा जिलेबी तिथेच गरम खा आणि घरी नेण्यासाठी दराबा बांधून घ्या. लिफ्ट सुरू आहे का ते सकाळीच विचारून ठेवा, कारण तीही देखभालीसाठी मधूनमधून बंद असते.